नॉर्वेजियन जोडशब्द: मागून वाचा, सांधा तपासा, मगच लिहा

ओस्लोतल्या एका छोट्या दुकानाबाहेर फळ्यावर खडूने लिहिलं होतं, 'लाम्मे लॉर'. दुकानदाराला म्हणायचं होतं कोकराची मांडी. 'लाम्मेलॉर' असं जोडून लिहिलं असतं तर तोच अर्थ झाला असता. मध्ये बोटभर जागा सुटली आणि पाटी सांगू लागली, 'लुळ्या पडलेल्या मांड्या'. पुढच्या माणसाने फळ्याचा फोटो काढला, हसला आणि निघून गेला. मांस घेतलं नाही.

ही चूक नॉर्वेजियन लोकही करतात. त्यांच्याकडे तिला खास नाव आहे, 'सॅरस्क्रीविंग', म्हणजे जोडून लिहायचं ते तोडून लिहिणं. पण आपल्याकडून ती जास्त होते. आपण ही भाषा बहुतेकदा इंग्रजीच्या शिडीवरून चढतो आणि इंग्रजीत असे शब्द सुटे लिहिले जातात. शिवाय तोडण्यापलीकडच्या चार-पाच चुका खास आपल्या आहेत. ज्यांना साधी वाक्यं येतात, पण सरकारी पत्र उघडलं की वीस अक्षरी शब्दापुढे गाडी अडते, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

एक सूचना आधीच. इथे सगळे शब्द देवनागरीत दिले आहेत आणि उच्चारापेक्षा मूळ लेखनाच्या जवळ ठेवले आहेत. 'लान्द' मधला द बोलताना गिळला जातो, 'बूर्द' (टेबल) मधलाही. तरी तो लिहायचा असतो, म्हणून तो इथे दिसेल. जिथे अक्षर दुप्पट आहे तिथे जोडाक्षर आहे.

## तयारी: वही, कोश, कीबोर्ड

वहीत चार रकाने आखा: मूळ शब्द, लिंग, जोडरूप, उदाहरण. तिसरा रकाना बहुतेक जण आखतच नाहीत आणि पुढे तिथेच अडखळतात.

जोडरूप म्हणजे काय? मराठीत 'घोडा' ला प्रत्यय लागला की 'घोड्या-' होतं आणि समासात शिरला की 'घोड-' होतं: घोडदौड, घोडेस्वार. पाहा, समासातसुद्धा कधी घोड-, कधी घोडे-. हे आपल्याला कुणी नियमाने शिकवलं नाही. शब्दासोबत रूपही कानावर पडलं. नॉर्वेजियनमध्ये तसंच आहे. 'बार्न' (मूल) हा शब्द जोडात पुढे आला की बहुतेकदा 'बार्ने-' होतो, 'आर्बैद' (काम) चा 'आर्बैद्स-' होतो आणि 'बूक' (पुस्तक) 'बूक-' च राहतो. शब्द लिहून घेतानाच हे रूप शेजारी लिहा. नंतर नियमावरून शोधायला बसलात तर निम्म्या वेळा फसाल.

कोश म्हणून 'बूकमोल्सऊर्दबोका' पुरतो. भाषा परिषद म्हणजे 'स्प्रोकरोदेत' आणि बर्गन विद्यापीठ तो मिळून चालवतात आणि तो इंटरनेटवर फुकट आहे. नॉर्वेजियन लिहिण्याची दोन अधिकृत रूपं आहेत, बूकमोल आणि निनोर्स्क. शोधताना बूकमोल निवडलंय ना, ते पाहा. शेजारीच निनोर्स्कचा कोश आहे. तिथे रुग्णालय 'श्यूकेहूस', बूकमोलमध्ये 'स्यूकेहूस'. दोन्ही बरोबर, पण एका पत्रात दोन्हींची खिचडी नको.

कीबोर्ड नॉर्वेजियन करून घ्या. आ आणि ए चिकटून झालेलं अक्षर, कातरलेला ओ आणि डोक्यावर टिंब-वर्तुळ असलेला आ ही वेगळी अक्षरं आहेत, सजावट नाही. वर्णमाला 29 अक्षरांची आहे आणि ती तीन जादा अक्षरं अगदी शेवटी येतात. छापील कोशात डोळ्यांचा डॉक्टर 'ओयेलेगे' ओ खाली शोधलात तर सापडणार नाही. तो शेवटच्या पानांत आहे.

## टप्पा 1: शब्द मागून वाचा

शब्दाचा मालक शेवटचा घटक असतो. वस्तू कोणती, लिंग कोणतं, अनेकवचन कसं, हे सगळं तोच ठरवतो. पुढचे घटक फक्त 'कसला, कुणाचा, कशासाठी' एवढं सांगतात.

'मेल्क' म्हणजे दूध, 'कू' म्हणजे गाय. 'कूमेल्क' म्हणजे गाईचं दूध आणि 'मेल्केकू' म्हणजे दुभती गाय. घटक तेच, फक्त जागा बदलल्या. एक पेल्यात येतं आणि दुसरी गोठ्यात उभी असते. 'हुन्देहूस' मधलं 'हूस' म्हणजे घर, म्हणून ते कुत्र्याचं घर. 'हूसद्यूर' च्या शेवटी 'द्यूर', म्हणजे प्राणी, म्हणून तो पाळीव प्राणी.

लांब शब्द दिसला की डावीकडून एकेक अक्षर चघळत बसू नका. थेट शेपटीला हात घाला. 'ओप्पहोल्दस्तिल्लातेल्से' च्या शेवटी 'तिल्लातेल्से' आहे, म्हणजे परवानगी. एवढं कळलं की पत्र परवानगीबद्दल आहे हे नक्की झालं. कसली? 'ओप्पहोल्द', म्हणजे वास्तव्य. निवास परवाना.

तपासणी: पूर्ण शब्दाऐवजी फक्त शेवटचा घटक ठेवून वाक्य वाचा. वाक्य मोघम होईल, पण खोटं होणार नाही. खोटं झालं तर तुम्ही चुकीच्या जागी तोडलंय.

## टप्पा 2: तोडताना प्रत्येक तुकडा जिवंत आहे ना ते पाहा

ओळखीची अक्षरं दिसली की मन घाईने कात्री चालवतं. 'स्यूक' म्हणजे आजारी. त्यातून 'स्यूकेहूस' (रुग्णालय), 'स्यूकेप्लैएर' (परिचारिका), 'स्यूकेह्येम' (वृद्धांचं शुश्रूषागृह), 'स्यूकेपेंगेर' (आजारपणातलं वेतन) असं मोठं कुटुंब आहे. मग 'स्यूक्केल' सुद्धा यातलाच? नाही, ती सायकल. 'स्यूक' वेगळा काढलात तर उरलेल्या 'केल' ला काही अर्थ नाही आणि तिथे क दुप्पट आहे हीही खूण.

'बीलदेलिंग' पाहून कित्येक जण 'बिल्दे' (चित्र) असं वाचतात आणि 'लिंग' घेऊन बसतात. इथे कात्री 'बील' (गाडी) नंतर चालवायची: बील + देलिंग, म्हणजे गाडी वाटून वापरणं. दोन ठिकाणी तोडता येत असेल तर ज्या तोडीत एकही तुकडा निराधार राहत नाही ती धरा.

सगळ्यात जास्त फसवतो तो 'स्काप'. स्वतंत्र शब्द म्हणून तो कपाट. 'ख्योलेस्काप' म्हणजे गारव्याचं कपाट, अर्थात फ्रिज. 'क्लेसस्काप' म्हणजे कपड्यांचं कपाट. पण 'वेन्नस्काप' मित्रांचं कपाट नव्हे, मैत्री. तिथे 'स्काप' हा प्रत्यय आहे, आपल्या '-पण', '-त्व' सारखा. 'कुन्नस्काप' म्हणजे ज्ञान, 'स्तात्सबोर्गेरस्काप' म्हणजे नागरिकत्व. 'दोम' चंही तसंच. एकटा आला तर न्यायालयाचा निकाल, शब्दाच्या शेपटीला आला तर प्रत्यय: 'बार्नदोम' म्हणजे बालपण.

सावधान: काही शब्दांत ओळखीचा तुकडा निव्वळ वेषांतर करून बसलेला असतो. सुईणीला 'यूर्दमूर' म्हणतात. 'यूर्द' म्हणजे जमीन, 'मूर' म्हणजे आई, पण ती धरणीमाता नव्हे. पहिला तुकडा बाळासाठीच्या एका जुन्या शब्दाचा झिजलेला अवशेष आहे. असे शब्द तोडू नका, पाठ करा. ते थोडे आहेत.

एक मूळ धरून त्याचं कुटुंब वहीच्या एका पानावर उतरवणं ही या टप्प्याची उत्तम मेहनत. मी 'गांग' (जाणं) घेतला होता. 'इन्नगांग' आत जायची वाट, 'ऊतगांग' बाहेर जायची, 'ओवरगांग' ओलांडायची जागा, 'ओप्पगांग' इमारतीचा जिना. शेवटचा तर पत्त्यातसुद्धा येतो. मग रस्त्यावर 'फूतग्येंगेरओवरगांग' दिसला तेव्हा अडलो नाही. 'फूत' पाय, 'ग्येंगेर' जाणारा (त्याच मुळाचं दुसरं रूप), 'ओवरगांग' ओलांडायची जागा. पायी जाणाऱ्यांनी रस्ता ओलांडायची जागा, झेब्रा क्रॉसिंग. एकाच शब्दात एकच मूळ दोन चेहऱ्यांनी बसलंय.

## टप्पा 3: समास कोणता, ते ठरवा

शाळेत तत्पुरुष-द्वंद्व घोकले होते ना? ते इथे कामी येतात.

नॉर्वेजियन नामांचे जोड जवळजवळ सगळे तत्पुरुष-कर्मधारयाच्या वळणाचे असतात. द्वंद्व फारच विरळा. आणि आपली मराठी 'आईवडील', 'मीठभाकर', 'बहीणभाऊ' यांत वाढलेली. त्यामुळे नातेवाइकांचे शब्द आले की घोटाळा ठरलेला. 'मूरफार' ऐकलं, 'मूर' आई आणि 'फार' वडील, म्हणून आईवडील समजलं. चूक. टप्पा 1 आठवा: मालक शेवटचा. 'मूरफार' म्हणजे आईचे वडील. 'फारमूर' वडिलांची आई, 'मूरमूर' आईची आई आणि वडिलांचे वडील 'फारफार'. हा शब्द विसरणारा मराठी माणूस मला अजून भेटलेला नाही. आईवडिलांसाठी वेगळाच शब्द आहे, 'फोरेल्द्रे'.

द्वंद्व भेटतो तो बहुधा विशेषणांत: 'सूरसोत' म्हणजे आंबटगोड. बहुव्रीहीही कुठे कुठे आहे. 'रोदस्त्रूपे', अक्षरशः लाल गळा, हे त्या गळ्याच्या पक्ष्याचं नाव. 'तूसेनबैन', हजार पाय, हे त्या किड्याचं. इथे मालक शब्दाबाहेर असतो, हे लक्षात घ्या.

तत्पुरुषातली विभक्ती मात्र शब्दात दिसत नाही, ती प्रसंगावरून लावायची. 'त्रेहूस' लाकडाचं घर, 'हुन्देहूस' कुत्र्यासाठी घर, 'रोदहूस' नगर परिषदेचं घर. एकाच 'हूस' पुढे तीन वेगळी नाती. घरासारखं दिसलं तरी प्रत्येक वेळी 'चं' लावून मोकळं होऊ नका.

## टप्पा 4: सांधा. एस, ए की काहीच नाही?

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

दोन घटकांमध्ये तीन गोष्टी येऊ शकतात: काहीच नाही, 'एस' किंवा 'ए'. नॉर्वेजियन याला 'फूगे' म्हणतात, म्हणजे सांधाच. त्याला अर्थ नसतो. 'बार्नेहागे' (बालवाडी) मधला ए अनेकवचनाचा नाही आणि 'आर्बैदस्प्लास्स' (कामाची जागा) मधला एस षष्ठीचा नाही, जरी दोन्ही तसे भासतात. अर्थाने विचार करू लागलात की चुकलात.

तरीही पूर्ण अंदाधुंदी नाही. मी या क्रमाने तपासतो.

पहिलं, पहिल्या घटकाच्या शेवटी ठरावीक प्रत्यय आहे का? -इंग, -हेत, -स्काप, -दोम, -स्यून, -तेत, -सेल, -एल्से यांपैकी काही असेल तर जवळजवळ नेहमी एस: 'पार्केरिंग्सप्लास्स' (पार्किंगची जागा), 'न्यूहेत्सब्रेव' (वार्तापत्र), 'उंगदोम्सस्कूले' (माध्यमिक शाळा), 'फोदसेल्सनुम्मेर' (जन्मक्रमांक). एवढ्या एका नियमाने सरकारी पत्रांतली मोठी भिंत पडते, कारण सरकारी भाषा याच प्रत्ययांवर जगते. फक्त 'हेल्से' (आरोग्य) मध्ये -एल्से शोधू नका. तो आख्खा शब्द आहे, म्हणून बाळांना तपासायला नेतात ते केंद्र 'हेल्सेस्तास्यून', एस नाही.

दुसरं, पहिला घटक स्वतःच जोडशब्द आहे का? असेल तर बहुधा एस. 'वीनग्लास्स' म्हणजे वाइनचा पेला, सांधा रिकामा. पण रेड वाइन 'रोदवीन', तिचा पेला 'रोदवीन्सग्लास्स'. 'बूर्दलाम्पे' म्हणजे टेबलावरचा दिवा. लिहायचं टेबल 'स्क्रीवेबूर्द', त्यावरचा दिवा 'स्क्रीवेबूर्दस्लाम्पे'. हा एस वाचणाऱ्याला सांगतो की मोठी फूट इथे आहे: आधी रोद आणि वीन एक झाले, मग पेल्याला जोडले गेले. आपल्याकडे विग्रह करताना कंसात कंस घालतो, तसंच. अपवाद आहेत. 'फूतबाल्लबाने' (फुटबॉलचं मैदान) मध्ये एस नाही.

तिसरं, पहिला घटक क्रियापद आहे का? मग त्याचा ए तसाच राहतो: 'वास्केमाशीन' (धुलाई यंत्र), 'स्क्रीवेबूर्द', 'लेसेबूक'. पण भांडी धुण्याचं यंत्र 'ओप्पवास्कमाशीन', ए गायब. कारण तिथे 'ओप्पवास्क' हे नाम आहे, म्हणजे धुवायची भांडी. स्वयंपाकघरात दोन यंत्रं शेजारी शेजारी उभी असतात आणि दोघांचे सांधे वेगळे.

चौथं, पहिला घटक विशेषण असेल तर त्याचं साधं रूप, काही न जोडता: 'रोदवीन', 'स्तूरब्यू' (मोठं शहर). आणि अनाघात -एर, -एल, -एन ने संपणारी नामं, तसंच -ए ने संपणारी नामंही बहुधा काही घेत नाहीत: 'फोरेरकोर्त' (वाहन परवाना), 'स्यूक्केलस्ती' (सायकलची वाट), 'ख्योक्केनबूर्द' (स्वयंपाकघरातलं टेबल), 'स्कूलेबूक'.

उरली ती छोटी, एकावयवी नामं, आणि खरी डोकेदुखी तीच. प्राणी बहुधा ए घेतात: 'हुन्दे-', 'लाम्मे-', 'स्वीने-'. पण 'कू' घेत नाही. 'यूल' (नाताळ) चा ए: 'यूलेत्रे' नाताळचं झाड, 'यूलेगावे' नाताळची भेट. मग नाताळची पूर्वसंध्या? 'यूलआफ्तेन'. ए नाही. 'लान्द' तर तिन्ही सांधे घेतो: 'लान्दब्रूक' शेती, 'लान्दस्ब्यू' खेडं, 'लान्देवै' गावाकडचा रस्ता. 'मूर' चंही पाहा: 'मूरमूर' मध्ये रिकामा, 'मूर्समोल' (मातृभाषा) मध्ये एस.

अशा नामांना वहीचा तिसरा रकाना हाच उपाय. 'लान्द' पुढे तिन्ही रूपं उदाहरणासकट लिहा. अंदाजावर लिहायची वेळ आलीच तर त्याच मुळाचा तुम्हाला माहीत असलेला दुसरा शब्द आठवा आणि त्याचा सांधा उसना घ्या. 'बार्नेहागे' येत असेल तर 'बार्नेलेगे' (बालरोगतज्ज्ञ), 'बार्नेवोग्न' (बाबागाडी), 'बार्नेबार्न' (नातवंड) आपोआप येतात. दहापैकी एखाद्या वेळी फसाल. 'बार्नलोस', निपुत्रिक, मध्ये तो ए नाही.

सावधान: पहिल्या घटकाचं अनेकवचन करू नका. कपाटात शंभर पुस्तकं असली तरी ते 'बूकह्यूल्ले' च, दात बत्तीस असले तरी 'तान्नलेगे' (दंतवैद्य), हात दोन असले तरी 'हॉन्दक्ले' (टॉवेल). फुलांचं दुकान 'ब्लोम्स्तेरबुतिक्क' हा अपवाद दिसेल, तो तसाच उचला.

## टप्पा 5: सांध्यावरचं शुद्धलेखन

सांधा ठरला तरी तीन खड्डे उरतात.

एक. सारखीच तीन व्यंजनं शेजारी आली तर एक गाळायचं. 'नात्त' (रात्र) + 'तोग' (रेल्वे) = 'नात्तोग', त फक्त दोन. 'ट्राफिक्क' + 'कोर्क' (बूच) = 'ट्राफिक्कोर्क', म्हणजे वाहतूक कोंडी. बाटलीच्या बुचाची उपमा घेऊन कोंडी सांगणारी ही भाषा मला त्या दिवशी पहिल्यांदा आवडली. ओळीच्या शेवटी शब्द तोडावा लागला तर गाळलेलं व्यंजन परत येतं: 'नात्त-तोग'.

पण दोन असतील तर दोन्ही ठेवायची. ही चूक उलट दिशेने होते. नियम अर्धवट ऐकलेला असतो, मग माणूस जिथे तिथे गाळत सुटतो. 'बान्ककोर्त' मध्ये क दोन, दोन्ही हवेत. 'उनिवर्सितेत' + एस + 'स्यूकेहूस' मध्ये एस दोन: एक सांध्याचा, एक पुढच्या शब्दाचा. 'फोरसिक्रिंग्ससेल्स्काप' (विमा कंपनी) मध्येही तसंच. एक एस खाल्लेला अर्ज मी स्वतः एका विमा कंपनीला पाठवला आहे. काही बिघडलं नाही, फक्त उत्तरात त्यांनी तो शब्द दोनदा, जरा ठळकपणे, बरोबर लिहिला होता.

दोन. शब्दाच्या शेवटी म कधी दुप्पट लिहीत नाहीत, पण आधीचा स्वर आखूड असेल आणि पुढे स्वर आला की दुप्पट होतो. 'लाम' (कोकरू), पण 'लाम्मेलॉर'. 'द्रोम' (स्वप्न), पण 'द्रोम्मेहूस'. सांधा ए असेल आणि आधी म असेल तर इथे थांबून पाहा.

तीन. संक्षेप, आकडे आणि सुटी अक्षरं आली की संयोगचिन्ह: 'टीव्ही-प्रोग्राम', 'ईयू-लान्द'. राष्ट्रीय दिनाची मिरवणूक '17. माय-तोग': ठिपका, जागा, मग संयोगचिन्ह, याच क्रमाने. साध्या शब्दांत मात्र सोय म्हणून चिन्ह टाकू नका. शब्द लांबलाय म्हणून घाबरून घातलेली रेघ ही चूकच.

## टप्पा 6: रूप चालवा, फक्त शेपटीचं

'बार्न' नपुंसकलिंगी आहे, 'हागे' (बाग) पुल्लिंगी. मग बालवाडी? मालक 'हागे', म्हणून 'एन बार्नेहागे'. ती बालवाडी 'बार्नेहागेन', अनेक 'बार्नेहागेर', त्या सगळ्या 'बार्नेहागेने'. उलट 'हुन्द' पुल्लिंगी पण 'हूस' नपुंसक, म्हणून 'एत स्तूर्त हुन्देहूस'. विशेषणसुद्धा घराकडे पाहतं, कुत्र्याकडे नाही.

तपासणी: पहिल्या घटकाला -एन किंवा -एत लागलाय का? लागला असेल तर ते जोडशब्द नाहीत, षष्ठी आहे आणि ती सुटी लिहायची. 'दागेन्स आवीस' म्हणजे आजचं वर्तमानपत्र, दोन शब्द. 'दाग्सआवीस' म्हणजे दैनिक, एक शब्द. एक आज सकाळी दारात पडलेला कागद, दुसरं वर्तमानपत्राचा प्रकार.

## टप्पा 7: मोठ्याने म्हणा, मग ठरवा, जोडायचं की तोडायचं

जोडशब्दात मुख्य आघात एकच असतो, पहिल्या घटकावर. दोन सुट्या शब्दांत दोन्हींना आपापला जोर मिळतो. लिहिण्याआधी म्हणून पाहा.

'नोर्स्कलॅरेर', जोर 'नोर्स्क' वर, जोडून: नॉर्वेजियन भाषा शिकवणारा. 'नोर्स्क लॅरेर', जोर 'लॅ' वरही, तोडून: नॉर्वेचा नागरिक असलेला शिक्षक, मग तो गणित शिकवत का असेना. मुंबईत जन्मलेली शिक्षिका स्टाव्हांगरमध्ये पहिल्या अर्थाने हे काम करू शकते, दुसऱ्या अर्थाने पासपोर्ट बदलावा लागेल. नोकरीच्या अर्जात ही जागा चुकवू नका.

'रोयकफ्रित्त' म्हणजे धूम्रपानमुक्त. 'रोयक फ्रित्त' म्हणजे खुशाल ओढा. 'ख्यूल्लिंगलेवेर' म्हणजे कोंबडीची कलेजी. 'स्तेक्त ख्यूल्लिंग लेवेर' असं तोडलं की वाक्य होतं, 'तळलेली कोंबडी जगते'. कारण 'लेवेर' म्हणजे यकृतही आणि जगतो-जगतेही.

उलटी चूकही होते. जोडायची सवय लागली की माणूस सुटे शब्दही चिकटवतो. 'ई दाग' (आज), 'ई गोर' (काल), 'ई मोर्न' (उद्या, शेवटचं लिहिताना 'ई मोर्गेन') हे कायम सुटे. तर 'ओवरहूदेत' जोडून म्हणजे 'अजिबात' आणि 'ओवर हूदेत' तोडून म्हणजे 'डोक्यावर'.

## टप्पा 8: दोन जोडशब्दांत सामायिक शेपूट

'नाताळची सुट्टी आणि ईस्टरची सुट्टी' म्हणताना सुट्टी दोनदा लिहीत नाहीत: 'यूले- ओग पोस्केफेरिए'. पहिल्या तुकड्याला रेघ चिकटवायची, मग जागा, मग 'ओग' (आणि). इथे दोन चुका होतात. रेघ विसरली जाते, म्हणजे 'यूले' अधांतरी लटकतो. किंवा सांधा विसरला जातो आणि 'यूल-' लिहिलं जातं. पहिला शब्द पूर्ण लिहिला असता तर जो सांधा आला असता तोच ठेवायचा.

रोजगार आणि कल्याण खात्याचं नाव पाहा: 'आर्बैद्स- ओग वेल्फेर्द्सएतातेन'. पहिल्या तुकड्याच्या शेवटी एस जागेवर आहे, कारण 'एतात' त्यालाही लागायचा आहे. याच खात्याला सगळे 'नाव' म्हणून ओळखतात आणि पहिल्या आठवड्यात प्रत्येक मराठी माणूस विचारतो, 'कुणाचं नाव?'

## टप्पा 9: पाठवण्याआधी

मोबाइलचा ऑटोकरेक्ट बंद करा, निदान नॉर्वेजियनपुरता. त्याच्या यादीत नसलेला जोडशब्द तो बिनदिक्कत मधून चिरतो. स्पेलचेकरची लाल रेघही पुरावा धरू नका. नवे जोडशब्द भाषेत रोज बनतात, यंत्राला सगळे कुठून माहीत असणार? आणि 'लाम्मे लॉर' खाली तर रेघ येणारच नाही, दोन्ही शब्द कोशात आहेत.

कोशात पूर्ण शब्द मिळाला नाही तर घाबरायचं कारण नाही. शेवटचा घटक शोधा, लिंग घ्या. मग पहिला घटक शोधा आणि त्याने सुरू होणारे दुसरे जोडशब्द कोणता सांधा घेतात ते पाहा. आणि अर्ज, भाडेकरार किंवा शाळेला पाठवायचं पत्र असेल तर त्याच कार्यालयाच्या आलेल्या पत्रातला शब्द जसाच्या तसा उतरवा. 'पेर्सूननुम्मेर' मागितलाय की 'फोदसेल्सनुम्मेर', ते विशेष बघा. दोन्हींचा मालक 'नुम्मेर' च, म्हणून घाईत एकच वाटतात. पण फोदसेल्सनुम्मेर 11 आकड्यांचा असतो, आधी जन्मतारखेचे 6, मग 5. ते शेवटचे 5 म्हणजे पेर्सूननुम्मेर.